शहर मोठे झाले, कारभार लहानच राहिला

तरुण देशांच्या कहाण्या बहुधा एकाच चालीवर चालतात. राजेशाही जाते किंवा परका अंमल संपतो, लोक रस्त्यावर येऊन गुलाल उधळतात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. घटना लिहायला वर्षे लागतात, सरकारे येतात आणि जातात, निवडणुका लांबतात. जमीन सुपीक असते, नद्या भरलेल्या असतात, माणसे कष्टाळू असतात. पण निर्णय कोणी घ्यायचा हेच पक्के होत नाही. आपल्या शेजारचा नेपाळ पाहा. २००८ मध्ये तो प्रजासत्ताक झाला. राज्यघटना यायला २०१५ साल उजाडले. त्यानंतरही एकाही पंतप्रधानाला सलग पाच वर्षे कारभार करता आला नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उद्रेकाने सरकारच कोसळले. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांमध्ये विजेचे भांडार असताना तिथला तरुण आखातात, मलेशियात आणि आपल्या मुंबई-ठाण्यात काम शोधतो. डोंबिवलीतील कितीतरी सोसायट्यांच्या फाटकावर रात्री तोच तरुण बसलेला असतो.

त्याच्या देशाविषयी वाचून आपण हळहळतो. एवढी गुणी माणसे आणि एवढा अस्थिर कारभार, असे म्हणून वर्तमानपत्राचे पान उलटतो. पण फाटकाच्या आत राहणाऱ्या आपली गोष्ट इतकी वेगळी आहे का? तोही घर सोडून पोटासाठी बाहेर पडला आहे आणि आपणही रोज पहाटे गाव सोडतो. तो वर्षा-दोन वर्षांनी परत जातो, आपण रात्री आठ-नऊला परततो, इतकाच काय तो फरक. त्याच्या देशाला निर्णय घेणारे स्थिर हात मिळाले नाहीत. आपल्या शहराला तरी ते कुठे मिळाले आहेत?

कल्याण-डोंबिवलीत राहणारा एक साधा करदाता म्हणून मला हा प्रश्न गेली काही वर्षे छळतो आहे. मुंबईतील मंडळी आमच्या खड्ड्यांवर आणि गर्दीवर विनोद करतात, आम्हीही त्यात सामील होतो. पण खड्डा हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. रोग शोधायचा तर या शहराच्या कारभाराची जन्मपत्रिका उघडावी लागते.

बारा अधिक पाच

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १९८३ रोजी, कल्याण-डोंबिवलीची महापालिका झाली. कल्याण आणि डोंबिवलीच्या नगरपालिका, अंबरनाथ आणि आजूबाजूची गावे यांची मोट बांधून हे नवे शहर तयार करण्यात आले. जुळी नव्हेत, पण पाठोपाठची भावंडे म्हणावीत अशी ही दोन शहरे. पुढे मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

ठाण्यात महापालिकेची पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली. कल्याण-डोंबिवलीकरांना पहिल्या निवडणुकीसाठी १९९५ पर्यंत थांबावे लागले. मधली १२ वर्षे शहर प्रशासकांच्या हाती होते. आणि ही १२ वर्षे म्हणजे काही साधीसुधी वर्षे नव्हेत. गिरणगाव रिकामे होत होते, मुंबईतील जागा मध्यमवर्गाच्या हाताबाहेर गेल्या होत्या, आणि दादर-गिरगाव-परळची कुटुंबे ट्रकमध्ये सामान भरून डोंबिवली स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उतरत होती. शहराचा सांगाडा नेमका त्याच काळात उभा राहिला. रस्ते किती रुंद असावेत, कुठल्या भूखंडावर मैदान राखावे, सांडपाणी कुठे न्यावे, हे ठरवण्याची ती वेळ होती. त्या वेळी सभागृहात उभे राहून ‘आमच्या भागाचे काय?’ असे विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. अंबरनाथ तर १९९२ मध्ये या मोटेतून बाहेर पडून पुन्हा स्वतःच्या नगरपालिकेकडे गेले.

ठाण्याची परिवहन सेवा १९८९ मध्ये रस्त्यावर आली, कल्याण-डोंबिवलीची त्यानंतर दहा वर्षांनी, १९९९ मध्ये. याचे सगळे श्रेय किंवा सगळा दोष निवडणुकीला देणे भाबडेपणाचे होईल. ठाणे मुंबईला खेटून होते, तिथे कारखाने होते, जकात होती. पण आधी लोकप्रतिनिधी आणि मग बस, हा क्रम दोन्ही शहरांत सारखाच दिसतो, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

१९९५ नंतर गाडी रुळावर आली असे वाटले. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली होती. महापालिकेची मुदत पाच वर्षे आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक, असा नियम आता थेट राज्यघटनेत आला होता. त्यानुसार २०००, २००५, २०१० आणि २०१५ अशा निवडणुका वेळेवर झाल्याही. नोव्हेंबर २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा करोना होता. करोना ओसरला तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. मग प्रभागरचना बदलली, नगरसेवकांची संख्या बदलली, ती पुन्हा पूर्ववत झाली, त्यावर याचिका झाल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि १५ जानेवारी २०२६ रोजी एकदाचे मतदान झाले.

पहिली १२ आणि नंतरची ५, मिळून १७ वर्षे. शहराचे एकूण वय त्या दिवशी होते ४२. म्हणजे आयुष्यातील दर पाच वर्षांपैकी दोन वर्षे या शहराला निवडून दिलेले सभागृह नव्हते. एखाद्या देशाबाबत असे घडले असते तर आपण त्याला काय नाव दिले असते, याचा वाचकांनीच विचार करावा.

दोन घरचा पाहुणा

देश अस्थिर असला की त्याच्या सीमाही अस्थिर असतात. या बाबतीतही आपण मागे नाही. आमच्या शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला सत्तावीस गावांचा पट्टा आहे. गोळवली, पिसवली, आजदे, सागाव, सोनारपाडा, दावडी, संदप, भोपर, निळजे ही त्यांतली काही नावे. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली. कर वाढतील, सुविधा मिळणार नाहीत आणि आपल्या जमिनींवर परके लोक आरक्षणे टाकतील, अशी भूमिपुत्रांची भीती होती. लांबलचक आंदोलनानंतर २००२ मध्ये गावे बाहेर पडली. तेरा वर्षे ग्रामपंचायती चालल्या. नियोजन मात्र काही काळाने प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे गेले. २०१५ मध्ये गावे पुन्हा महापालिकेत आली. मार्च २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांतली १८ गावे वगळून वेगळी नगरपरिषद करण्याचे ठरवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

या गावांत १९८३ साली जन्मलेल्या माणसाचा विचार करा. घर तेच, अंगणातले आंब्याचे झाड तेच. पण गटाराची तक्रार कुठे करायची याचे उत्तर त्याच्या हयातीत निदान चार वेळा बदलले. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. इथे तर घरेही दोनाहून अधिक. ग्रामपंचायत परवानगी देणार, एमएमआरडीए आराखडा करणार, औद्योगिक विकास महामंडळ पाणी देणार आणि महापालिका करवसुली करणार!

या गोंधळात कोणाचे फावले हे सांगायला जाणकार लागत नाही. जिथे मालकाचा पत्ता नसतो तिथे बांधकाम वेगाने होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने डोंबिवली परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून, त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून या इमारती विकल्या गेल्या होत्या. घर घेणाऱ्याने कागद पाहिला, नोंदणी क्रमांक पाहिला, बँकेने कर्जही दिले. सामान्य माणसाने आणखी काय पाहायचे असते? आयुष्याची पुंजी घालून घेतलेले घर कागदावर कधी अस्तित्वातच नव्हते, हे त्याला न्यायालयाच्या निकालातून कळले. मुख्यमंत्र्यांनी रहिवाशांना बेघर होऊ देणार नाही असे आश्वासन दिले. ते पाळले जावे अशीच प्रार्थना आहे. पण प्रश्न आधीचा आहे. पाच-सात मजले उभे राहत असताना त्या प्रभागात रोज फिरणारे, मतांसाठी लोकांना उत्तर देणारे कोण होते?

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट मे २०२२ मधील आहे. संदप गावाजवळच्या खदाणीत कपडे धुवायला गेलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा बुडून मृत्यू झाला. गावात पाण्याची टंचाई होती. बारवी धरण आणि उल्हास नदी या पट्ट्यापासून दूर नाहीत. मुंबई महानगराच्या ऐन कुशीत, लाखो रुपयांच्या फ्लॅटच्या जाहिराती लागलेल्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर बायकामुलांना धुण्यासाठी खदाणीवर जावे लागते. राजकीय अस्थिरता हा शब्द आपल्याला दिल्ली-मुंबईच्या सत्तांतरांसाठी वापरायची सवय झाली आहे. प्रत्यक्षात ती अशी खदाणीच्या काठावर येऊन उभी राहते.

निर्णय कोणाचा?

प्रशासक म्हणजे वाईट आणि नगरसेवक म्हणजे चांगले, असे माझे मुळीच म्हणणे नाही. आधारवाडीचे कचऱ्याचे डोंगर वर्षानुवर्षे धुमसत होते. ते क्षेपणभूमीचे काम २०२१ मध्ये थांबले तेव्हा शहरात प्रशासकच होते. उलट घनकचऱ्याची व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नवीन बांधकामांना मनाई केली तेव्हा निवडून आलेले सभागृह बसलेले होते. सभागृहातील गोंधळ, टक्केवारीच्या कुजबुजी आणि रातोरात बदलणारे पक्ष आपण सर्वांनी पाहिले आहेत.

माझा मुद्दा वेगळा आहे. शहराची मोठी कामे एका वर्षात फळत नाहीत. जलवाहिनी, मलनिस्सारण, कचरा, विकास आराखडा यांना दहा-दहा वर्षे लागतात. तेवढा काळ त्यांच्या मागे लागणारा कोणीतरी हवा. आणि आपल्याकडे नेमके सातत्यच नाही. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत या महापालिकेने किमान सात आयुक्त पाहिले. सरासरी दीड वर्षाचा मुक्काम! त्यांत कर्तबगार अधिकारी होते. पण शहर समजायला सहा महिने आणि निरोपाला एक महिना लागत असेल, तर मधल्या काळात रंगरंगोटीपलीकडे काय होणार? शिवाय आयुक्ताची मान वळते मंत्रालयाकडे, कारण त्याची बदली तिथे ठरते. त्यात त्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

त्यात सत्तेच्या वाटेकऱ्यांची भर. एकट्या ठाणे जिल्ह्यात आज सहा महापालिका आहेत. त्याशिवाय रेल्वे, एमएमआरडीए, औद्योगिक महामंडळ, रस्ते विकास महामंडळ आहेतच. केंद्राच्या ‘स्मार्ट सिटी’ योजनेत २०१६ मध्ये शहराची निवड झाली, तर त्यासाठी आणखी एक वेगळी कंपनी स्थापन झाली. कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्री पूल ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीला बंद झाला, नवा खुला व्हायला जानेवारी २०२१ उजाडला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि दोन वर्षांनी सुरू झाला. त्या काळात रिक्षात अडकून बसलेल्या गर्भवतीला किंवा शाळेच्या बसमधल्या पोराला पूल रेल्वेचा की महापालिकेचा, याच्याशी काय देणेघेणे? तिथे दाद मागायची तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवले जाते. जिथे सगळेच थोडे थोडे मालक असतात तिथे जबाबदार कोणीच नसतो.

पडून राहिलेली पुंजी

एवढे वाचून कोणी म्हणेल, या गावात काही दमच नसेल. नेमके उलट आहे. कल्याण हे काही कालचे गाव नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत इथल्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचा उल्लेख येतो, आणि तोही मोठा बोलका आहे. पूर्वी हे खुले, कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. पण सत्ता बदलल्यावर इथे येणाऱ्या ग्रीक गलबतांची अडवणूक होऊ लागली आणि ती पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लेखक सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीही राज्यकर्त्यांच्या ओढाताणीत कल्याणचे नुकसान आणि दुसऱ्या गावाचा फायदा! पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले आणि इथल्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची मुहूर्तमेढ रोवली गेली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत आली आणि पुढे ती नाशिककडे व पुण्याकडे फुटली. नाक्यावरची जागा किती मोलाची, हे इतिहासाने पुनःपुन्हा सांगितले आहे.

आणि माणसे? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवली ही पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांची. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रा आज राज्यभर निघतात, त्यांची सुरुवात गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने डोंबिवलीत झाली. २०१७ मध्ये इथे ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. शिकवणीपासून रक्तपेढीपर्यंत आणि गिर्यारोहणापासून संगीत सभेपर्यंत कोणतेही काम काढा, चार माणसे पदरमोड करून उभी राहतात. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती. त्यांत हिशेबनीस, अभियंते, परिचारिका, शिक्षक, बँकेतले अधिकारी किती असतील याची कल्पनाच करावी.

ही सारी बुद्धी सकाळी साडेसातला फलाटावर उभी असते. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद जुळवायला, दुसऱ्या शहरांचे पूल आखायला ती निघून जाते. सत्तावीस गावांपैकी दहा गावांत ‘कल्याण ग्रोथ सेंटर’ उभारून नोकऱ्या इथेच आणण्याची योजना आखली गेली. पण डोंबिवलीकर अजून सकाळची गाडीच पकडतो. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि जिवाला मुकले. आपल्या शहरात काम नसण्याची किंमत वेळेतच मोजावी लागते असे नाही, कधी कधी ती प्राणांनी मोजावी लागते.

इथे एक कटू गोष्ट आपल्याच पंक्तीला वाढायला हवी. आपली ही संघटनशक्ती आपल्याच आड आली आहे. नळाला पाणी नाही, सोसायटीने टँकर मागवला. दिवे नाहीत, सोसायटीने लावले. वाचनालय, व्यायामशाळा, ज्येष्ठ नागरिक कट्टा, सगळे आपले आपण केले. त्यामुळे महापालिकेत सभागृह नाही याची बोच फाटकाच्या आत कोणाला लागलीच नाही. १७ वर्षांत या कारणासाठी शहर एकदाही बंद पडले नाही. ज्याला टँकर परवडत नाही, त्या संदपच्या घराला मात्र ती लागली.

आता सभागृह परत आले आहे. १२२ नगरसेवक आहेत. प्रभाग बहुतेक चार सदस्यांचे आहेत. त्यामुळे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची सोयही आहे. निकालानंतर सगळी चर्चा महापौर कोणाचा आणि कोण कोणासोबत बसणार याचीच झाली. ती होणारच. पण नागरिकांच्या हातातही काही साधने आहेत. महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात जशी ग्रामसभा, तशी मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांची ही सभा. नगरसेवकाने तिथे येऊन लोकांपुढे हिशेब द्यावा, लोकांनी कामांचा क्रम सांगावा, अशी कल्पना आहे. तुमच्या भागात अशी सभा शेवटची कधी भरली होती, आठवते का? बहुतेकांना तर हा शब्दच नवा वाटेल.

शोभायात्रेसाठी महिनाभर आधी बैठका घेणाऱ्या, चित्ररथांचा क्रम मिनिटामिनिटाने ठरवणाऱ्या शहराला वर्षातून चार क्षेत्रसभा भरवणे जड नाही. महापालिकेचे अंदाजपत्रक वाचू शकतील असे निवृत्त हिशेबनीस प्रत्येक सोसायटीत दोन तरी निघतील. पाण्याच्या वाहिनीचा नकाशा समजणारे अभियंते कट्ट्यावर रोज संध्याकाळी बसलेले असतात. प्रभागातील चारही नगरसेवकांना एकाच दिवशी एकाच चटईवर बसवायचे, मागच्या सभेत ठरलेल्या कामांची यादी मोठ्याने वाचायची आणि कोणते झाले, कोणते नाही, एवढेच विचारायचे. त्या सभेला फाटकाबाहेरच्या चाळींतले, सत्तावीस गावांतले लोकही बोलवायचे, कारण पाणी त्यांच्या नळाला आधी यायला हवे. आयुक्त बदलतील, पक्ष फुटतील, गावांच्या सीमाही कदाचित पुन्हा हलतील. पण यादी ठेवणारी माणसे तीच राहिली, तर शहराला जे सातत्य आजवर कोणी दिले नाही ते तिथूनच मिळेल.

सभागृहाची पाच वर्षे सुरू झाली आहेत. पहिल्या क्षेत्रसभेची मागणी करणारा अर्ज एका पानाचाच असतो.